चार बोटं वरून

श्वास हा माणसाचा पहिला आणि शेवटचा गुरू आहे. ज्याने श्वास ओळखला त्याला जगात दुसरं काही शिकायचं उरत नाही. हे वाक्य संतपूरचे जयतीर्थ मास्तर गेली कित्येक वर्षं लोकांना ऐकवत आले होते. अलीकडे मात्र ते ऐकवायला त्यांना तीन थांबे घ्यावे लागत. एक ‘शेवटचा’च्या आधी, एक ‘ओळखला’नंतर, आणि एक वाक्य सुरू करण्यापूर्वीच.

मास्तरांना दमा होता. दमा हा घरातला शब्द. बीदरच्या डॉक्टरांनी कागदावर इंग्रजीत चार अक्षरं लिहिली होती आणि सांगितलं होतं की फुप्फुसं जुनी झाली, नळ्या आखडल्या, आता पूर्वीसारखं होणार नाही. पण पंप नीट घेतला तर गाडी चालत राहील. या वाक्यातला ‘नीट’ हा शब्द फार लहान होता. तो पुढे कुणाच्याच लक्षात राहिला नाही. डॉक्टरांच्यासुद्धा.

त्याला दोन वर्षं झाली. आधी निळा पंप झाला, मग नारिंगी, मग दोन्ही. दर खेपेला डॉक्टर विचारत, “पंप घेता ना?” मास्तर म्हणत, “घेतो.” हे खरं होतं. छत्तीस वर्षं शाळेची घंटा सांभाळलेला माणूस औषधाची वेळ चुकवेल कसा? डॉक्टर मान हलवत आणि आणखी ताकदीचं औषध लिहून देत.

आता मास्तर पंप कसा घेत ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

मास्तरांच्या घरात भांड्याला ओठ लावायची पद्धत नव्हती. पाणी, ताक, काढा, चहासुद्धा वरून घ्यायचा. धार जिभेवर पडायची, ओठ कोरडे राहायचे. भांडं उष्टं होत नसे. मास्तरांचा यात हातखंडा होता. चालत्या एसटीत त्यांनी तांब्यातून पाणी प्यावं आणि शेजाऱ्याने बघत राहावं. त्यामुळे पंप हाती आला तेव्हा तो कसा घ्यायचा, हा प्रश्नच त्यांना पडला नाही. खोक्यात एक चित्रांचा कागद होता. त्यात एक माणूस पंप सरळ तोंडात धरून बसलेला दाखवला होता. पण तो माणूस परदेशी दिसत होता. त्या लोकांचं काय, ते बाटलीलाही तोंड लावतात.

तेव्हा मास्तरांचा क्रम असा. आंघोळ उरकून पूर्वेला तोंड करून बसायचं. मान मागे. तोंड उघडं. पंप तोंडापासून चार बोटं वर धरायचा आणि दाबायचा. पांढरा फवारा जिभेवर आला की तोंड मिटायचं आणि तीर्थासारखं गिळायचं. मग दुसरा फवारा. शेवटी अंगणात जाऊन खळखळून चूळ भरायची. या सगळ्यात चूळ तेवढी बरोबर होती.

बरं, ही विद्या त्यांनी स्वतःपुरती ठेवली असती तर एकाचंच नुकसान झालं असतं. पण मास्तर पडले शिक्षक. शाळेच्या फाटकाजवळच्या कट्ट्यावर रोज सकाळी गावातले पाच दमेकरी जमत, आणि पाचही जणांना मास्तरांनी ही पद्धत शास्त्रीय कारणांसह शिकवली होती. लाळ लागली की औषधाचा गुण जातो, हे त्यातलं मुख्य कारण. ते मास्तरांनीच शोधलं होतं. पाचही जणांना गुण येईना, तेव्हा बीदरच्या डॉक्टरांनी संतपूरच्या हवेवर संशय घेतला. तुरीच्या मळणीची धूळ असेल म्हणाले. कट्ट्याने औषधाच्या कंपनीवर संशय घेतला. मास्तरांवर कुणीच घेतला नाही.

घरापासून शाळेचं फाटक तीनशे पावलांवर. या तीनशे पावलांत मास्तर तीनदा थांबत: अमरदीपच्या पिठाच्या गिरणीशी, सोसायटीच्या पायरीशी आणि भगवानराव कंडक्टरच्या दारातल्या लिंबाखाली. नुसतं थांबणं त्यांना शोभलं नसतं, म्हणून प्रत्येक ठिकाणी ते काहीतरी विचारत. अमरदीपला पोराच्या मार्कांचं, सोसायटीतल्या कारकुनाला सोयाबीनच्या भावाचं, भगवानरावाला गुडघ्याचं. एवढं विचारायचं आणि समोरचा उत्तर देत असताना गपचूप दम भरून घ्यायचा. नोकरीत असताना मास्तर कुणाशी दोन शब्द जादा बोलले नव्हते. गावाला वाटलं, मास्तर म्हातारपणी माणसांत आले.

दसऱ्याला मुलगा विजयेंद्र हैदराबादेहून आला आणि वडिलांच्या मागोमाग कट्ट्यापर्यंत गेला. गिरणीपाशी त्याने कौतुकाने पाहिलं. सोसायटीपाशी घड्याळ पाहिलं. लिंबाखाली त्याला कळलं.

“बाबा, तुम्ही गप्पा मारत नाही. तुम्ही दम खाताय.”

“दोन्ही... एकदम... करतो,” मास्तर म्हणाले.

रात्री जेवताना त्याने निकाल दिला. संक्रांतीला तो परत येणार. तोवर घरापासून फाटकापर्यंत मधे न थांबता जाता आलं तर तो गप्प बसेल. नाहीतर आई-बाबा दोघांनी सामान बांधायचं आणि हैदराबादेला नवव्या मजल्यावर कायमचं राहायला यायचं. घराला कुलूप.

मास्तर एकदा पंधरा दिवस तिथे राहून आले होते. तिथल्या वॉचमनने त्यांना ‘अंकल’ म्हटलं होतं. संतपुरात ते रस्त्याने निघाले की तीन पिढ्यांची माणसं बसल्या जागची उठत. नवव्या मजल्यावर त्यांच्यासाठी फक्त लिफ्टचं दार उघडत होतं, आणि तेही सगळ्यांसाठीच उघडायचं. पत्नी सरस्वतीबाईंचं मत मात्र अजून ठरलं नव्हतं. तिथे नळाला गरम पाणी होतं.

मास्तरांनी सराव वाढवला. पंप दोनदाऐवजी तीनदा घ्यायला लागले. फवारा आणखी अचूक जिभेच्या मध्यावर पडू लागला. थांबे तीनच राहिले. दिवाळीनंतर चौथा वाढला, तो घरातून निघताना उंबऱ्यावर.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात रूपाली आली.

रूपाली ही नागनाथची मुलगी. कडगंचीकडच्या दवाखान्यात सहा वर्षं नर्स होती, आता बदली होऊन गावच्याच सरकारी दवाखान्यात आली होती. काखेत रजिस्टर घेऊन दमेकऱ्यांची घरं पालथी घालणं हे तिचं नवं काम. सरस्वतीबाईंनी खुर्ची दिली.

“नमस्कार सर. ओळखलं का?”

“नागनाथची ना? आठवी ब. दुसरा बाक.” मास्तरांनी दम घेतला. “प्रश्न फार विचारायचीस.”

“अजून विचारते. आता त्याचाच पगार हाय.” तिने रजिस्टर उघडलं. “पंप घेता का सर?”

“न चुकता.”

“घेऊन दाखवा बघू.”

दोन वर्षांत हे कुणीच म्हटलं नव्हतं. डॉक्टरांनी नाही, औषधवाल्याने नाही, विजयेंद्रानेही नाही. मास्तरांना बरंच वाटलं. ते पूर्वेला तोंड करून बसले, मान मागे टाकली, पंप चार बोटं वर धरला आणि एक थेंब बाहेर न जाऊ देता घेऊन दाखवला. गिळून झाल्यावर त्यांनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की शाबासकी आता तिनेच द्यायची होती.

रूपाली हसली नाही. ती जरा वेळ पेनाचं टोपण लावत-काढत राहिली.

“सर, एक विचारू? माणूस गिळतो तवा श्वासनलिकेचं काय होतं?”

“झाकण बसतं,” मास्तर सवयीने म्हणाले. “अन्नाचा कण श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून निसर्गाने तिथे एक छोटं झाकण...”

आणि ते थांबले. हा थांबा दमाचा नव्हता.

“खडूनं काढायचात तुम्ही,” रूपाली म्हणाली. “श्वासनलिका निळी, अन्ननलिका लाल. मला त्या आकृतीला दहापैकी नऊ दिले होते. एक कामून कापला ते सांगितलं न्हाई.”

“बाण उलटा काढला असशील.”

“असंल. मग सर, आता सांगा, हे औषध कुठं जायलंय?”

मास्तरांनी हळूच आपल्या पोटाकडे पाहिलं. उत्तर स्वयंपाकघराच्या दारातून आलं.

“पोटात,” सरस्वतीबाई म्हणाल्या. “दोन वर्षं पोटात जातंय. तरीच म्हटलं, जेवण कसं छान जायलंय.”

“आता ओठांत धरायचा सर. घट्ट. फट ठेवायची न्हाई.”

“ओठांत म्हणजे...” मास्तरांचा आवाज खाली आला. “उष्टा होतो तो.”

“पंप तुमचा, तोंड तुमचं. कुणाचं उष्टं कुणाला?”

“लाळेमुळे औषधाचा गुण...”

“हे कुठल्या धड्यात हाय सर? आम्हाला न्हवता तो.”

रूपालीने त्यांच्या शेजारचा तांब्या पाहिला, आणि रक्तदाब किती आहे ते सांगावं तितक्या सरळ आवाजात म्हणाली, “आमचा अप्पा तुमची लई तारीफ करतो सर. म्हणतो, सरांची पाण्याची धार म्हणजे ताणलेली दोरी. शाळेत माठातलं पाणी वरून वाढायचात. आमच्या वस्तीतली पोरं ओंजळ धरून खाली बसायची. बरोबर ओंजळीत पडायचं. एक थेंब इकडंतिकडं न्हाई.”

“तेव्हा... तशी पद्धत होती.”

“व्हय. आमच्या वेळेला नळ आला होता.” ती तांब्याकडेच पाहत होती. “पण ते चार बोटं न्हाई सर. हातभर होतं. अप्पाला अजून ध्यानात हाय.”

तिने टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. टोमण्याला उत्तर देता येतं; मास्तर त्यात तरबेज होते. हे नुसतं माप होतं. मास्तरांनी पंप हातात उलटासुलटा करून पाहिला. छत्तीस वर्षांत कितीतरी आकृत्या त्यांनी फळ्यावर काढल्या होत्या आणि प्रत्येकीत अंतरं बरोबर दाखवली होती. हे एक अंतर काढायचं राहून गेलं होतं.

रूपालीला शेजारच्या गावातली अजून चार घरं करायची होती.

“बरं सर, ते ऱ्हाऊ द्या. प्रयोगशाळेच्या मागच्या खिडकीतून रोज अकरा वाजता धूर यायचा. आम्हाला वाटायचं, सर प्रयोग करायलेत. लई मोठं झाल्यावर कळलं विडी होती म्हणून. ती पण वरूनच घ्यायचात का?”

मास्तरांनी दचकून स्वयंपाकघराकडे पाहिलं.

“माझ्याकडं काय बघता?” सरस्वतीबाई म्हणाल्या. “लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून ठाऊक आहे मला. सदऱ्याला काय अत्तराचा वास यायचा? विडीला लावले ना ओठ? मग लावा आता औषधाला. त्या मुलीला उशीर होतोय.”

मास्तरांनी ओठ लावले.

“थांबा, थांबा. आधी हलवा. मग बाजूला तोंड करून आतला सगळा श्वास सोडा. हं. आता धरा, जीभ खाली. दाबा अन् दाबता दाबताच आत ओढा. हळू. हळू हो सर, पळवायचं न्हाई त्याला. ओढा... ओढा... आता बास. दहापर्यंत मोजा. मनात. सोडा.”

पहिल्या वेळी खोकला आला. अर्धं मिनिट थांबून दुसऱ्यांदा घेतला, तो जमला. आणि मास्तरांच्या लक्षात आलं की जिभेला काही चव लागली नाही. दोन वर्षं ती कडसर चव म्हणजेच गुण असं ते धरून चालले होते. आज चव नव्हती. त्याऐवजी छातीच्या हाडामागे काहीतरी गार गार खाली गेलं. ज्या जागेची आकृती त्यांनी हजारदा काढली होती आणि जिथे ते स्वतः कधी गेले नव्हते, त्या जागी.

“आता चूळ,” रूपाली म्हणाली.

“चूळ मी भरतो,” मास्तर घाईने म्हणाले. एवढ्यात तरी त्यांना पैकीच्या पैकी हवे होते.

रूपालीने रजिस्टरात काहीतरी लिहिलं आणि ती पुढच्या घरी गेली.

त्या दिवशी मास्तर कट्ट्यावर गेले नाहीत. ओट्यावर बसून राहिले. छत्तीस वर्षं प्रत्येक तासाच्या शेवटी त्यांनी वर्गाला विचारलं होतं, “समजलं का?” आणि वर्ग एका आवाजात म्हणाला होता, “समजलं!” दाखव, असं ते कुणाला म्हणाले नव्हते. म्हणजे या क्षणी महाराष्ट्र-कर्नाटकात कुठेकुठे त्यांचे विद्यार्थी कोणकोणत्या गोष्टी चार बोटं वरून घेत असतील, याचा काही हिशोबच नव्हता.

आठवडाभराने रूपाली पुन्हा तपासायला आली, तेव्हा पाणी मास्तरांनी स्वतः आणून दिलं. पेला तिच्या हातात ठेवताना थोडं सांडलं.

कट्ट्याचं काम अवघड होतं. स्वतः चुकणं वेगळं आणि शिकवलेलं चुकणं वेगळं. मास्तरांनी चार दिवस ढकलले. पाचव्या दिवशी पाचही जण समोर असताना त्यांनी घसा साफ केला आणि जाहीर केलं, “पंपाचा अभ्यासक्रम बदललाय. आता वरून घ्यायचा नाही, ओठांत धरायचा.”

“कामून?” पाचांतल्याच भगवानरावाने विचारलं. हा माणूस तीस वर्षं एसटीत कंडक्टर होता. कारण कळल्याशिवाय कुणाला पुढच्या सीटवर बसू देत नसे.

“वरून आदेश आलाय.”

“मग वरून घ्यायचं बंद कामून केलं? वरून आदेश, खालून औषध, हे काय प्रकरण हाय मास्तर?”

कट्टा हसला. मास्तर हसले नाहीत. त्यांनी लिंबाकडे पाहिलं, शाळेच्या फाटकाकडे पाहिलं. मग म्हणाले, “मी चुकीचं शिकवलं होतं.”

हे वाक्य या गावात आजवर कुणी ऐकलं नव्हतं. मास्तरांना स्वतःलाही एक गोष्ट नंतर जाणवली: ते त्यांनी मधे न थांबता म्हटलं होतं.

मग त्यांनी नवी पद्धत शिकवली. हलवा, सोडा, ओठ, दाबा-ओढा, दहा मोजा. बोटांवर पाच पायऱ्या. शेवटी तोंडात आलंच, “समजलं का?”

“समजलं!” पाचही जण म्हणाले.

मास्तर उठणार होते. पुन्हा बसले.

“भगवानराव, दाखवा बघू.”

भगवानरावाने पंप हलवला. श्वास सोडला. ओठ घट्ट लावले. दाबला, आणि जी फुंकर मारली ती मारली. तीस वर्षं तोंडात शिट्टी धरलेली. ओठांत काही आलं की फुंकायचं, एवढंच त्याच्या फुप्फुसांना ठाऊक. सगळा फवारा उलट फिरून त्याच्याच मिशांवर बसला.

“डबल बेल,” कट्ट्यावरून कुणीतरी म्हणालं.

“मास्तर, गाडी सुटली का?” भगवानरावाने मिशा पुसत विचारलं.

“नाही. अजून स्टँडातच आहे,” मास्तर म्हणाले. “पुन्हा.”

त्या दिवशी भगवानरावाला फुंकण्याऐवजी ओढायला शिकवण्यात सकाळ गेली. बाकीच्या चौघांचेही चार प्रकार निघाले. एक जण पंप हलवतच नव्हता. एक जण दोन्ही फवारे एकदम मारत होता. एक जण फवारा मारून झाल्यावर सावकाश श्वास घ्यायचा. आणि एकाचा पंप देवाच्या फडताळात होता. जीव घाबरा झाला तरच बाहेर काढायचा म्हणून त्याने नारळासारखा जपून ठेवला होता.

संक्रांतीला विजयेंद्र आला. दुसऱ्या दिवशी सकाळी बापलेक निघाले. सरस्वतीबाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या. आदल्या रात्रीच त्यांनी दोन पातळं बाजूला काढून ठेवली होती. कसलाही निकाल लागला तरी तयारी असावी.

गिरणीपाशी अमरदीप पोराचे मार्क सांगायला हात पुसत बाहेर आला. मास्तरांनी मान हलवली आणि पुढे गेले. अमरदीप तसाच उभा. सोसायटीच्या पायरीपाशी त्यांची चाल मंद झाली. विजयेंद्राने घड्याळाकडे पाहिलं नाही, वडिलांच्या खांद्यांकडे पाहिलं. ते वर-खाली होत होते. पण पाय चालू होते. लिंबाखाली भगवानराव उठून उभा राहिला आणि हळू आवाजात म्हणाला, “जाऊ द्या, जाऊ द्या, पुढं जागा हाय.” मास्तर त्याच्यासमोरून गेले. तीनशे पावलांनी त्यांनी फाटकाची गार सळई धरली.

फुप्फुसं जुनीच होती. नळ्या आखडलेल्याच होत्या. धापही लागली होती, आणि पुढच्या पाच मिनिटांत मास्तर एक अक्षर बोलले नाहीत. पण ते मधे कुठे थांबले नव्हते.

“ठीक आहे,” विजयेंद्र म्हणाला. दोन्ही पातळं दुपारी परत पेटीत गेली. नळाच्या गरम पाण्याबद्दल सरस्वतीबाई एकदाच बोलल्या.

संध्याकाळपर्यंत गावात झालं होतं की मुलगा आल्यापासून मास्तर फार शिष्ट झालेत. कुणाची साधी विचारपूससुद्धा करत नाहीत. हे गिरणीतून निघालं.

विजयेंद्र इंजिनियर होता. त्याला कारण हवं होतं. दोन वर्षं, बीदरच्या सात खेपा, दोन तऱ्हेचे पंप, आणि आता हे. औषध बदललं का, तर तेच होतं. डोस वाढवला का, तर डॉक्टरांनी लिहिलेलाच होता. निघण्याआधी तो सरकारी दवाखान्यात गेला आणि वडिलांवर नेमका कोणता उपचार केला ते सविस्तर सांगा, असं त्याने रूपालीला विचारलं.

रूपालीने रजिस्टर फिरवून त्याच्यासमोर धरलं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातली एक ओळ होती. जयतीर्थ, वय शहात्तर. पंप घेण्याची पद्धत दाखवून घेतली व दुरुस्त केली. लागलेला वेळ: चार मिनिटे.